खालच्या मजल्यावरचं शिसं

१

खालच्या मजल्यावरची निशिगंधा जिना चढून आली तेव्हा मी इडलीचं पीठ आंबलंय की नाही ते बघत होते. पाचवा महिना चालू असलेल्या बाईनं जिने चढू नयेत असं मी तिला दहादा बजावलं होतं. आज मात्र रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्या हातात लॅबचं पाकीट होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, माझ्या रक्तात शिसं निघालंय," ती म्हणाली. "माझ्या आणि संबोधीच्या. डॉक्टर म्हणतात तुमच्या घरातच काहीतरी आहे. ते शोधा, नाहीतर बाळाचं काय होईल सांगता येत नाही."

मी तिला पाट दिला, पाणी दिलं. महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही हिचं रक्त वाढेना, म्हणून कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना शंका आली होती. त्यांनी सगळ्या घराचं रक्त तपासायला सांगितलं. निशिगंधाचं शिसं भरमसाट, अडीच वर्षांच्या लेकीचं, संबोधीचं, त्याहून जास्त. सासू विठाबाई मात्र ठणठणीत. नवऱ्याचं, प्रज्ञेशचं, रक्त घेतलं नव्हतं. त्याची तपासणी म्हणे ऑफिसातच झाली होती आणि सगळं नॉर्मल होतं.

जन्मभर मी मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. शिसं अंगात शिरलं की हाडात कॅल्शियमच्या जागी ठाण मांडून बसतं. बाई गरोदर राहिली की तिथून सुटतं आणि नाळेतून बाळाकडे जातं, नेमकं त्याचा मेंदू घडत असताना. किती चालतं असं विचाराल तर काहीच चालत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं नाही. तिला ते आधीच कळलेलं होतं.

"तुम्ही शोधून द्याल का, बाई? मला दुसरं कोण आहे इथं?"

"हौ, देते की. परेशान नको होऊ."

ती गेली आणि आमचे हे, दत्तात्रय, पेपरामागून बोलले. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. "सुनीता, गेल्या दिवाळीत खालच्या मजल्याची जुनी दारं आपण घासून रंगवली. ती माणसं घरात राहत असताना. जुन्या रंगात काय असतं, ते मी तुला सांगायला पाहिजे का?"



२

खरं तर मी सगळ्यात आधी एक ब्लेड घेऊन त्या दाराचा रंग खरवडायला पाहिजे होता. मी काय केलं? मी विठाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले.

ही मंडळी नांदेडकडची. विठाबाईंचे मालक किशनराव सिकंदराबादला रेल्वे वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हेल्पर, होते, ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा प्रज्ञेश इंजिनियर झाला, कंपनीत लागला, आणि आई त्याला घेऊन दिलसुखनगरात आमच्याकडे भाड्यानं आली. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. आमच्या गल्लीत त्याच्याइतका नीटनेटका पोरगा नव्हता.

"जय भीम, मास्तरीणबाई. बसा," विठाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. गुडघ्यांनी त्यांना पार खिळवलं होतं. "काय इचारायचं ते इचारा. ह्या घरात मी कुनाला इख घालनार हाय का?"

"तसं कोण म्हणतंय? निशिगंधाला हल्ली काय काय करून घालता, एवढंच सांगा."

"आंबट. तिला आंबटाचेच डोहाळे. चिंचेचं वरण करते बसल्या बसल्या, शेगडी खाली घेऊन. माझ्या पितळी पातेल्यात. ॲल्युमिनमचं मला नक्को."

पातेलं मी उचललं. आत ताजी कल्हई चकाकत होती. मी लगेच सावध झाले. कल्हईवाले कथलात स्वस्तातलं शिसं मिसळतात, आणि चिंचेचं पाणी ते वरणात उतरवून घेतं. अगदी पुस्तकात असावं तसं उत्तर!

"कधी केली ही कल्हई?"

"झालं की चार-सहा महिने. कामून?"

मी उत्तर देणार एवढ्यात निशिगंधा कपड्यांची बादली घेऊन आत आली आणि विठाबाईंच्या तोंडाचा पट्टा तिच्याकडे वळला. "बघा हो हिचं धुनं. माझ्या लेकाच्या बनियनची जाळी केली हिनं. मोज्यांची बी तीच गत. सोडा किती घालावा त्याला काही सुमार? मशीन हाय घरात, पर नाही, हिला हातानंच धुवायचं."

"मशीनमध्ये त्यांचे कपडे नीट निघत नाहीत, आई. काळपट राहतात."

"आन् ही पोरगी. अडीच वर्साची झाली, चार शबुद बोलत नाही. आमच्या घरात असं कुनी नव्हतं. हिच्या माहेरावर गेली."

निशिगंधानं मान खाली घातली. मी पातेल्याच्या विचारात इतकी गुंग होते की तिची बाजूही घेतली नाही. पातेलं पदराखाली धरून मी उठले आणि जाता जाता सगळ्यांच्या देखत म्हणाले, "विठाबाई, विष सापडलंय असं समजा. ते तुमच्याच हातून जात होतं."

त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. तोंडाला पदर लावून ती नुसती बघत राहिली.

३

"वा!" संध्याकाळी आमचे हे म्हणाले. "तुझी केस पहिल्याच तारखेला उडाली."

"का म्हणून?"

"ते वरण घरात कोण खातं?"

"निशिगंधा. थोडं संबोधीला भरवतात."

"आणि विठाबाई? बाईसाहेब, मी रोज दुपारी खिडकीतून बघतो. आरोपीच अंगणात बसून वाटीनं वरण ओरपते आणि आरोपीचंच रक्त साफ. पातेल्यात शिसं असतं तर सगळ्यात जास्त तिला नसतं का चढलं?"

 एवढी साधी गोष्ट! माझी जुनी विद्यार्थिनी रश्मी एका लॅबमध्ये असते. तिच्याकडे पातेलं, हळद आणि संबोधीचं काजळ पाठवलं होतं, दोन दिवसांनी तिचाही फोन आला की कल्हई चांगली आहे आणि बाकीच्यातही शिसं नाही. एका म्हातारीला मी तिच्या सुनेसमोर खुनी ठरवून आले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायला गेले तर विठाबाई तोंड फिरवून बसल्या. निशिगंधा मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून रडायलाच लागली.

"बाई, आईंचा काही दोष नाही. माझाच आहे. मी तुमच्यापासून लपवलं." तांदळाच्या डब्यामागून तिनं एक छोटी डबी काढली. आत पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे होते. "राहवत नाही हो मला. यांना माहीत नाही, आईंना माहीत नाही. शिकलेली बाई मी, बी.एड. झालेली, आणि लपून पेन्सिली चावते. याच्यातूनच गेलं असेल ना? मीच घातलं असेल ना बाळाला?"

तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल, सांगा. एवढे दिवस ती रात्रंदिवस स्वतःलाच गुन्हेगार समजत होती. मी तिला जवळ घेतलं.

"वेडी की काय तू! रक्तात लोह कमी असलं की बायकांना माती, खडू, पेन्सिल असलं खावंसं वाटतं. यात लाजायचं काय? तुकडा दे, तपासून घेऊ. पण मला एक सांग, संबोधीला कधी दिलीस?"

"छे! तिच्या हाताला लागू देत नाही."

"मग तिच्या रक्तात तुझ्याहून जास्त शिसं कसं? तुझ्या पेन्सिलीतून तिच्यात जाईल का ते?"

तिनं डोळे पुसले. डबीचं झाकण लावलं. मग हळूच, अगदी आदबीनं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्ही आमचं पातेलं नेलंत. हळद नेलीत, काजळ नेलंत. दाराचा रंग नेलात का?"

४

नव्हता नेला. आणि का नव्हता, ते आम्हा दोघींनाही कळलं.

मी त्याच पावली ब्लेड आणलं आणि तिच्या समोर रंग खरवडला.  आमचं घराणं निजामाच्या काळापासून मास्तरांचं आणि वकिलांचं. शोध घ्यायचा म्हटल्यावर मी सरळ त्यांच्या चुलीपाशी गेले, त्यांच्या डब्यात डोकावले. त्यांच्या खाण्यापिण्यात काहीतरी गडबड असणार, हे मी मनात आधीच धरलं होतं. कुणी तसं तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते. म्हणून तर जास्त लाज वाटली.

रश्मीचा फोन आला. दाराच्या रंगात नावाला शिसं, पेन्सिलीत तर काहीच नाही. "मॅडम, एवढ्यानं दोघींचं रक्त इतकं चढत नाही," ती म्हणाली. मी देवापुढे साखर ठेवली. आणि साखर ठेवताना लक्षात आलं, की अगं बाई, मी सुटले म्हणून आनंद करतेय. खालच्या पोरीच्या पोटात विष जातच आहे.

मग मात्र मी डोकं शांत ठेवून बसले. शिसं आईला आहे, लेकीला आहे, आजीला नाही. तिघी एकच अन्न खातात, एकच पाणी पितात, त्याच हवेत राहतात. तर मग असं काय आहे, ज्याला आई आणि लेक हात लावतात आणि आजी लावत नाही?

हे घरात बसून कळणार नव्हतं. सकाळी मी खाली अंगणात गेले आणि पायरीवर बसून भाजी निवडायला लागले. विठाबाई खुर्चीत होत्या, माझ्याशी अबोला धरून. निशिगंधा नळापाशी धुणं धूत होती. नवऱ्याचे मोजे तिनं आधी दगडावर आपटून झाडले, मग भिजवले. झाडताना धूळ उडाली, तिनं चेहरा बाजूला केला. संबोधी दारापाशी मांडी घालून बसली होती. बापाचे जुने बूट तिच्या पुढ्यात होते. एकात तिनं बाहुली निजवली होती आणि दुसऱ्याची नाडी चघळत होती.

"तिला बूट का देतेस गं?"

"दुसरं खेळणं घेतच नाही, बाई. गेल्या महिन्यापर्यंत ऑफिसला घालायचे तेच. पप्पांचे बूट म्हणजे जीव की प्राण."

मी दोरीवरचं बनियन हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. पोटावर बारीक बारीक भोकं, कडा ठिसूळ, बोट लावलं तर सुटणाऱ्या. अशी भोकं मी जन्मभर बघितली होती, प्रॅक्टिकलला आलेल्या मुलींच्या ओढण्यांवर. ही सोड्याची भोकं नाहीत. हे गंधकाम्ल आहे, सल्फ्युरिक ॲसिड.

शेजारी पांढरा शर्ट वाळत होता, पँट वाळत होती. त्यांना एकही भोक नव्हतं.

म्हणजे हा माणूस कुठंतरी जाऊन शर्ट-पँट बदलतो. बनियन, मोजे आणि बूट तेच राहतात. वातानुकूलित ऑफिसात बसून अंगावर गंधकाम्ल कसं उडेल? गंधकाम्ल आणि शिसं जोडीनं सापडतात अशी जागा एकच मला माहीत होती. साऱ्या घरादाराची झडती घेतली मी, एका पांढऱ्या शर्टाला सोडून.

५

संध्याकाळी मी फाटकातच उभी राहिले. प्रज्ञेशची गाडी आली. शर्ट लख्ख पांढरा, गळ्यात कंपनीची पट्टी.

"नमस्ते आंटी. काही काम होतं?"

"होतं. बूट इथंच काढ. मोजेही. घरात नेऊ नकोस."

तो हसायला गेला आणि त्याचं हसू मधेच विरलं. हेल्मेट हातातच राहिलं.

"कुठल्या बॅटरीच्या शेडमध्ये जातोस, प्रज्ञेश?"

 त्यानं गळ्यातली पट्टी काढून खिशात कोंबली. "आंटी, प्लीज, हळू बोला. आई आत आहे."

"बोल."

"गेल्या उन्हाळ्यात काढलं मला. सगळी टीमच काढली. किती इंटरव्ह्यू दिले, काही झालं नाही. मग एका जुन्या क्लासमेटनं शेडमध्ये लावलं. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या बदलायच्या, ॲसिड भरायचं. तिथं मी कपडे बदलतो, आंटी. हातपाय साबणानं धुतो. घरी काही आणत नाही."

"बनियन आणतोस. मोजे आणतोस. बुटाच्या शिवणीत बघ काय साठलंय. ते तुझी बायको रोज झाडते आणि तुझी लेक चघळते. इंजिनियर ना तू? शिसं म्हणजे काय, हे मी तुला सांगायचं?"

त्यानं मान हलवली. उन्हाळ्यापासून रोज सकाळी हा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात बंद पडलेलं कार्ड अडकवून खोट्या ऑफिसला निघत होता. त्याची मला कीव आली. पण एक प्रश्न अजून उरला होता आणि तो विचारल्याशिवाय मला राहवेना.

"त्या दोघींचा रिपोर्ट आला, तेव्हा तुला कळलं होतं?"

तो फाटकाच्या कडीशी चाळा करायला लागला.

"वाटलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, दुसरंच काहीतरी असेल. तुम्ही आईचं पातेलं घेऊन गेलात ना, तेव्हा..." त्यानं कडी सोडली. "तेव्हा बरं वाटलं मला, आंटी. आई रडत होती आणि मला बरं वाटलं."

 देवापुढे साखर मीही ठेवलीच होती.

"आईला सांगू नका. तिला वाटतं..."

"काय वाटतं मला?"

दारात विठाबाई उभ्या होत्या. भिंतीला धरून, गुडघे दुखत असताना, खुर्चीतून उठून आल्या होत्या. त्यांच्या मागे निशिगंधा होती. दोघींनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसत होतं.

६

"बोल की," विठाबाई म्हणाल्या. "काय वाटतं मला?"

"तूच म्हणायचीस ना आई. आपल्या घरातला पहिला पांढऱ्या शर्टातला माणूस. सगळ्या वस्तीला सांगत सुटली होतीस. मी काय सांगणार होतो? की परत तेच काळ्या-मळक्या हातांचं काम करतोय?"

"तुझा बाप काय करत व्हता?"

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

"तेलानं माखून यायचा वर्कशॉपातून. दारातूनच आरडायचा, पानी काढ म्हनून. कपडे भाईर टांगायचा, मोरीत घासून घासून आंघुळ करायचा, मगच तुला मांडीवर घ्यायचा. त्याच्या आधी बोट लावू द्यायचा नाही. तो काय काम करतो, हे समद्यांना ठावं व्हतं. म्हनून त्याला धुता येत व्हतं. तू काम लपिवलंस, मग धुनार कसं?" त्या थांबल्या. दम लागला होता. "आन् लपवायला मीच लावलं. पांढरा शर्ट, पांढरा शर्ट करून."

मग त्या सुनेकडे वळल्या. "पोरी, मी तुझ्या माहेराला बोल लावला. बनियनला बी तुलाच..."  निशिगंधानं त्यांचा दंड धरला, पण नजर नवऱ्यावरून हलवली नाही.

"रिपोर्ट आल्यापासून मी रात्र रात्र जागी आहे," ती त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमच्या शेजारी. मी रडायचे तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवायचात. आणि सकाळी मोजे काढून द्यायचात धुवायला. एकदा तरी म्हणायचं होतंत, राहू दे, मी धुतो."

  मी उगीच डॉक्टरांचं सांगायला लागले, की आता शिरकाव थांबला म्हणजे रक्तातलं हळूहळू उतरेल, घर ओल्या फडक्यानं पुसायचं, लोह आणि कॅल्शियम चालू ठेवायचं, संबोधीला दाखवत राहायचं. निशिगंधानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आणि आतापर्यंत गेलं, त्याचं?"

"ते नाही सांगता येत," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटत होतं, पण नाही बोलले. "संबोधीचं आणि बाळाचं, दोघांचंही. वाढताना कळेल."

एवढ्यात संबोधी आतून धावत आली. बापाला बघून तिनं रोजच्यासारखे दोन्ही हात वर केले आणि त्याच्या पायाला मिठी मारायला झेपावली. प्रज्ञेश मागे सरला. हेल्मेट पडलं, तो फाटकाला टेकला, हात पाठीमागे नेऊन उभा राहिला. पोरगी हात पसरून तशीच थांबली. तिला काही कळेना, तिचा ओठ थरथरायला लागला.

निशिगंधानं तिला उचलून कडेवर घेतलं. त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बुटांकडे.

"आधी आंघोळ करा," ती म्हणाली. "मग घ्या तिला."

बूट-मोजे फाटकापाशीच सोडून तो अनवाणी आत गेला. मोरीचं दार लागलं. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि कितीतरी वेळ येत राहिला. आम्ही तिघी अंगणात उभ्या होतो, एकमेकींकडे न बघता.